मिश्रीबद्दल डॉक्टरांनी विचारलं तेव्हा

चालताना पोटरीत गोळा येतो, थांबलं की उतरतो, पुन्हा चालायला लागलं की पुन्हा येतो, असं ज्याला होत असेल त्याने हे वाचावं. त्याच्या घरच्यांनीही वाचावं. बाकीच्यांनी नाही वाचलं तरी चालेल; यात माझ्याबद्दल ऐकण्यासारखं चांगलं काही नाही. दुखणं कसं आलं आणि पाय कसा वाचला, एवढंच मी आजवर लोकांना सांगत आलो. मधला भाग गाळत आलो. तो भाग गाळला तर हे लिहिण्याचा कुणाला काडीचा उपयोग नाही.

थंड पाय

तेव्हा मी सोलापुरात एका गिरणीच्या विणाई खात्यात जॉबर होतो. हाताखाली माणसं होती, आवाज मोठा होता, वय पस्तिशीच्या जरा पुढे. भोंगा झाला की घरातून निघायचं आणि फाटकापर्यंत झपझप चालत जायचं, ही सवय. एका थंडीत ती चाल मोडली. निम्म्या वाटेत उजव्या पोटरीत कुणी पीळ घातल्यासारखं व्हायचं आणि पाऊल उचलेना. मग मी कडेला वाकून चपलेचा अंगठा नीट करत असल्याचं सोंग करायचो. हाताखालची माणसं मागून येऊन गाठायची. "जॉबर, रोजच तुटती व्हय वो चप्पल? नवी घ्या की!" म्हणून हसत पुढे जायची.

पुढे पायाचा अंगठा गार पडला. उन्हात धरला तरी गारच. वर घेतला की पांढराफटक, खाली सोडला की जांभळा. वैद्यांनी वात म्हणून काढा दिला. माझी बायको गोदा, वैरागची, कमी बोलणारी, तिने अक्कलकोटहून अंगारा आणला. शेजारणीने सांगितलं म्हणून वीट तापवून, फडक्यात गुंडाळून तिने माझा पाय शेकला. मला चटका कळलाच नाही. फडकं काढलं तर अंगठ्याशेजारी टरारून फोड आलेला. तो फुटला, जखम झाली, आणि जखम भरेना.

त्या पायात रक्तच पोचत नव्हतं. पण कित्येक महिने मी भेटेल त्याला एकच सांगत होतो, "बायकोने भाजला पाय माझा." तिच्यादेखत सांगत होतो. तिचा भाऊ भेटायला आला, त्याच्या ताटात भाकरी पडण्याआधी त्यालाही सांगितलं. ती चुलीकडे तोंड करून ऐकत राहायची.

निदान

जखमेच्या वासाने खात्यात माणसं नाकाला पदर लावल्यासारखी धोतराचा सोगा लावायला लागली तेव्हा मी मोठ्या इस्पितळात गेलो. तिथे विलायतेत शिकून आलेले एक सर्जन नुकतेच रुजू झाले होते. मूळचे कोकणाकडचे, बोलणं तुटक. त्यांनी माझ्या पावलावर, घोट्यामागे, गुडघ्याच्या खळग्यात, मग जांघेत बोटं दाबून पाहिली.

"पावलात नाडी नाही," ते म्हणाले.

मला वाटलं, चेष्टा करतात. "साहेब, नाडी हाताला असते."

त्यांनी आपला बूट काढला, मोजा काढला, पाय स्टुलावर ठेवला आणि माझं बोट धरून आपल्या पावलाच्या पाठीवर टेकवलं. बोटाखाली काहीतरी टुकटुक उडत होतं. मग तेच बोट माझ्या पावलावर नेलं. ओल्या लाकडाला हात लावावा तसं लागलं.

"रक्तवाहिन्या बुजत चालल्यात. तंबाखू ओढता?"

"बिडी. जॉबर म्हटल्यावर..."

"आजपासून बंद. नाहीतर आधी बोटं जातील, मग पाऊल, मग गुडघा. मग दुसरा पाय. तुम्ही ओढत राहा, मी कापत येतो."

गोदा दाराशी उभी होती. मी तिथेही म्हणालो, "साहेब, हिने विटेने शेकलं ना, तिथून सगळं..."

"शेकायला नको होतं. पण विटेने नाडी जात नाही." असं म्हणून ते हात धुवायला गेले. गोदाने पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मला तिचा राग आला.

बिडी मी त्या दिवशी सोडली. बंडल आणि काडेपेटी इस्पितळाच्या आवारातच टाकली. हे मात्र खरं आहे.

पण मिश्री राहिली. विणाई खात्यात सूत आणि कापूस उडत असतो. ठिणगी पडली तर खातं पेटायचं, म्हणून आत बिडीला बंदी. सगळं खातं मिश्रीवर चालायचं. तंबाखू तव्यावर काळी पडेपर्यंत भाजायची, कुटायची, डबीत भरायची आणि बोटाने हिरड्यांवर चोळायची. नाव दात घासण्याचं, चोळणं दिवसभर. घरोघरच्या बायका लावायच्या, गोदाही लावायची. कुणी तिला व्यसन म्हणत नसे. डॉक्टरांनी तंबाखू विचारली आणि मी बिडी सांगितली, ती मनापासून सांगितली. इथवर माझी चूक ही सगळ्या गावाची चूक होती.

शेजारची कॉट

मला इस्पितळात दाखल करून घेतलं. वॉर्डात माझ्या शेजारी करीमभाई होता. स्टेशनवर टांगा हाकायचा. त्याच्या डाव्या पायाचं तेच दुखणं, जखम माझ्याहून लहान. आम्ही दोघंही पाय कॉटवरून खाली सोडून बसायचो, कारण आडवं झालं की आग व्हायची. पाय लोंबकळवून, गुडघ्यावर डोकं टेकून जी काय झोप लागेल ती झोप.

"घोडे का पाव गया तो गोली मारते," तो म्हणायचा. "हमारा गया तो कांजी पिलाते. घोडा नसीबवाला है रे जॉबर."

सकाळी ड्रेसर मल्लप्पा लाल पाण्याचं भांडं घेऊन यायचा. जखमेला चिकटलेली पट्टी तो एका हिसक्यात ओढायचा. त्याला त्यात कसब वाटे. मी आधीच ओरडायला लागलो की म्हणायचा, "आत्ताच संपवू नका की हो, अजून हातच लावला नाही मी." सगळा वॉर्ड हसायचा. दुसऱ्याची पट्टी निघताना मीही हसायचो. दुखण्याने माणूस मऊ होतो असं म्हणतात, मला तरी तसा अनुभव नाही.

एक दिवस डॉक्टरांनी आम्हा दोघांना सुई टोचून मुद्दाम ताप आणला आणि थंडीने दात वाजत असताना पायाच्या बोटांना थर्मामीटर लावून बसले. माझं पाऊल थोडं कोमट झालं. करीमभाईचं चांगलंच तापलं. डॉक्टर त्याला म्हणाले, "तुझा पाय माझं ऐकतोय."

मग त्यांनी समजावलं. काही वाहिन्या कायमच्या बुजल्यात, पण बाकीच्या नुसत्या आवळून बसल्यात; तापाने सैल झाल्या त्या याच. पोटाच्या बाजूने आत जाऊन पाठीच्या कण्याजवळच्या ठरावीक नसा कापल्या तर त्या सैल होतात आणि पायाला रक्त मिळतं. विलायतेत करतात. इथे ते पहिल्यांदाच करणार होते.

"पण मला तंबाखू पूर्ण सोडलेला माणूस पाहिजे," ते म्हणाले. "नाहीतर पाय बिघडला तर तो माझ्या ऑपरेशनने बिघडला की तुमच्या तंबाखूने, हे मला कसं कळणार? आणि मला कळलं नाही, तर पुढच्या माणसाला मी काय सांगू?"

आधी करीमभाईला विचारलं. "बिडी?"

"छूटी, साब."

"आणखी काही?"

"मिसरी लगाता, सुबे-शाम. वो तो दातां का है."

डॉक्टरांना ती ठाऊक नव्हती. मल्लप्पाने सांगितलं, तंबाखू जाळून करतात. डॉक्टर पुन्हा करीमभाईकडे वळले. मग म्हणाले, "तीही तंबाखूच. महिनाभर पूर्ण सोड, मग तुझं करतो. तोवर यांचं बघू." आणि माझ्याकडे बोट करून पुढच्या कॉटकडे गेले. मला उद्या विचारणार होते.

माझी डबी उशीखाली होती.

विचारलं तेव्हा

मिश्री मला गोदा आणून द्यायची. घरी भाजून, डब्यात भाकरीखाली पुरचुंडी करून. त्या दुपारी ती आली तेव्हा करीमभाईचं प्रकरण तिच्या कानावर आलं होतं. ती हळूच म्हणाली, "अवो, ही बी तंबाखूच हाय म्हणत्यात. आता नगं आनू न्हवं?"

"आणायची," मी म्हणालो. "आणि थोबाड बंद ठेवायचं. पाय तू भाजलास, विसरलीस काय?"

मग मी राखुंडी मागवून घेतली आणि हिरड्यांतून रक्त येईपर्यंत दात घासले. वर विडा खाल्ला, तंबाखूविना.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले. गोदा कॉटच्या पायथ्याशी उभी होती. "तुम्ही मिश्री लावता?"

"नाही, साहेब."

ते गोदाकडे वळले. "बाई, हे लावतात का?" तिचं तोंड किंचित उघडलं आणि मिश्रीने काळे पडलेले दात दिसले. डॉक्टर म्हणाले, "घरात मिश्री आहे, असं दिसतं."

मी हसलो. मोठ्याने, सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं म्हणालो, "ही लावते, साहेब. मिश्री बायका लावतात. मी कशाला लावू? मी काय बांगड्या भरल्यात?"

वॉर्ड खदखदून हसला. कुणीतरी पलीकडून ओरडलं, "ओ करीमभाई, बांगड्या कुठल्या रंगाच्या पाहिजेत?" करीमभाई भिंतीकडे तोंड करून बसला. गोदाने पदर तोंडावर ओढला. तो पदर परक्या पुरुषांसमोर तिने आजतागायत खाली घेतलेला नाही.

डॉक्टरांना ते पटलं. ते मला अहोजाहो करत, करीमभाईला अरे-तुरे. मी वाचता-लिहिता येणारा जॉबर, तो टांगेवाला. त्यांना वाटलं, हा शहाणा माणूस खोटं कशाला बोलेल.

गरम पाय

ऑपरेशनचं मला फार आठवत नाही. क्लोरोफॉर्मचा गोडसर वास, आणि शुद्धीवर आल्यावर पोटात करवत फिरल्यासारखी कळ. पण पाऊल गरम होतं. चालता येणारे सगळे रोगी त्याला हात लावून गेले. करीमभाईने शेजारून हात लांब केला, बराच वेळ तळव्याला लावून ठेवला आणि म्हणाला, "भाकर के माफक गरम है रे." त्याच्या तोंडावर मत्सर नव्हता, आशा होती. पुढचा नंबर त्याचा होता.

त्याने मिश्री खरोखरच सोडली. ते मी बघितलं. पहिले काही दिवस तो मल्लप्पाला शिव्या द्यायचा, स्वतःच्या भावावर पाण्याचा तांब्या फेकायचा, लिंबाची काडी चावून चावून तोंड सोलून घ्यायचा. "कायकू जीता है आदमी?" म्हणायचा आणि पुन्हा काडी तोंडात घालायचा. मी काठी टेकत संडासात जायचो आणि तिथे मिश्री लावून यायचो. सवय सुटत नव्हती, हे एक. दुसरं म्हणजे पाय गरम झाला होता, म्हणजे डॉक्टरांना काय कळतंय, असं मला वाटायला लागलं होतं.

काही आठवड्यांनी पाऊल पुन्हा गार पडायला लागलं. मग अंगठ्याशेजारचं बोट काळं पडलं.

डॉक्टर माझ्या कॉटशी बराच वेळ उभे राहिले. तिकडे करीमभाईची जखम वाट पाहता पाहता घोट्याकडे चढत होती, त्याचा महिना भरत आला होता. डॉक्टरांनी स्टूल ओढलं, बसले आणि खाली आवाजात म्हणाले, "मी रागावणार नाही. खरं सांगा. या मधल्या दिवसांत कुठल्याही वाटेने तंबाखू पोटात गेली? तुमच्या उत्तरावर त्याचा पाय आहे."

त्यांनी अगदी स्पष्ट विचारलं होतं. समजलं नाही असं म्हणायला जागाच ठेवली नव्हती.

मी म्हणालो, "नाही, साहेब. शपथ."

का म्हणालो? कॉटवरून उठवतील ही भीती होती. मी ज्यावरून वॉर्डाला त्याच्यावर हसवलं तेच माझ्या उशीखालून निघेल, ही लाज होती. आणि ज्यासाठी मी हे लिहायला बसलो ते असं, की माझा पाय सडत असताना त्याचा बरा झालेला मला बघवला नसता. एवढंच. याहून मोठं कारण नव्हतं.

डॉक्टर उठले. मला म्हणाले, "बरं झालं विचारलं. तंबाखू सोडलेल्या माणसालाही उपयोग नसेल, तर दुसऱ्याचं पोट मी फाडणार नाही." मग करीमभाईकडे जाऊन त्यांनी त्याला सांगितलं, ऑपरेशन होणार नाही, पाय गुडघ्याखाली कापावा लागेल. करीमभाई म्हणाला, "मैंने छोडी ना, साब? मल्लप्पा कू पूछो." डॉक्टर म्हणाले, "तू सोडलीस रे. तुझा दोष नाही."

गोदा

पाय कापला त्याच्या दुसऱ्या दिवशी गोदा आली. करीमभाईच्या चादरीखाली एका बाजूला सपाट दिसत होतं. ती ते बघत उभी राहिली. माझा डबा तिने खाली ठेवला. डॉक्टर टेबलापाशी मल्लप्पाशी बोलत होते. जन्मात परक्या पुरुषासमोर आपणहून न बोललेली बाई सरळ त्यांच्यापुढे गेली.

"सायेब, हे लावत्यात मिश्री. मी भाजून आनत हुते. आज बी आनलीया."

"खोटं बोलते!" मी कॉटवरून ओरडलो. "साहेब, डोकं फिरलंय तिचं! हिनेच माझा पाय भाजला, आता..."

"बाई सच बोलती." आवाज शेजारून आला. करीमभाई डोळे मिटूनच बोलत होता. "मेरेकू पैले से मालूम. मिसरी की बास आती ना. मेरेकू तो जास्तीच आती, छोडने के बाद."

डॉक्टर दोन कॉटांच्या मधे आले. "मग तू बोलला का नाहीस?"

"मैं क्या बोलना, साब? मेरेकू लगा, इनेच बोलेगा. आखिर दिन तक लगा."

डॉक्टरांनी माझी उशी उचलली, डबी उघडली, वास घेतला, बंद केली. मला वाटलं, आता हाकलणार. मी बरोबर घेऊन जायच्या वस्तू मनात आठवायला लागलो. ते म्हणाले, "तुम्हाला घरी सोडत नाही. तुमचा पाय मला पाहिजे. आता तुम्ही रोगी नाही, पुरावा आहात. आजपासून तंबाखूचा कण तोंडात जाणार नाही, आणि या पायाचं काय होतं ते मी बघणार."

मल्लप्पा रोज माझं तोंड उघडून तपासायचा, बैलाचे दात बघतात तसं. वॉर्डात माझ्याशी कुणी बोलेना. गोदा येत राहिली, डबा ठेवून जात राहिली. काळं बोट काढावं लागलं, शेजारचं निम्मं. पण पाऊल पुन्हा कोमट झालं, आणि ती कित्येक महिन्यांची जखम कडेने गुलाबी होत होत भरली. डॉक्टरांनी ते ऑपरेशन पुन्हा सुरू केलं. पुढचा माणूस साळी होता, माझ्या डोळ्यांदेखत स्वतःच्या पायांनी घरी गेला.

म्हणून ज्याचा पाय असा गार पडतोय त्याला सांगतो. गरम विटेने, गरम वाळूने शेकू नका. तुम्हाला चटका कळणार नाही. डॉक्टर तंबाखू विचारतील तेव्हा बिडी सांगा, चिलीम सांगा, खायची सांगा, मिश्री सांगा, तपकीर सांगा. त्यांनी विचारलं नसलं तरी सांगा. तुमच्या उत्तरावरून ते शेजारच्या कॉटचं ठरवत असतात.

करीमभाई माझ्याआधी घरी गेला. त्याचा भाऊ टांगा घेऊन दाराशी आला होता. कुबड्या नव्या, करकरीत, त्याला त्या अजून जमत नव्हत्या. तो कॉटच्या कडेला बसून दम खात होता. इतके दिवस मी तोंडातून शब्द काढला नव्हता. आता निघालाच म्हटल्यावर मी काठी टाकली, कसाबसा खाली बसलो आणि त्याच्या पायाकडे हात नेला. मला माफी मागायची होती.

"कौनसा पकडता रे, जॉबर?" तो म्हणाला.

मी उरलेल्या पायाला हात लावला. त्याने पाय झटकन वर ओढून घेतला, कॉटवर, पोटाशी.

"नक्को," तो म्हणाला. तो चिडला नव्हता, घाबरला होता. "इसकू हात मत लगा. येच बचा है."